लिंक नको, फाइल द्या

सकाळी दहा. आमच्या विद्यापीठात होणारं संशोधन बाहेरच्या कुणालाही फुकट वाचता यावं, म्हणून ते ग्रंथालयाच्या डिजिटल भांडारात चढवणं हे माझं काम. आल्याआल्या सर्व्हर चालू आहे ना ते पाहते. भांडार ज्यावर चालतं ते डीस्पेस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते सांभाळणाऱ्या माणसाचं पद मात्र भरलं जात नाही.

साडेदहा. फोन सुरू. “मॅडम, घरून पेपर उघडत नाहीये.” सरकारी संस्थांतल्या वाचकांसाठी केंद्राची ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना जानेवारी २०२५पासून लागू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. सोय मोठी आहे, नाकारणार नाही. पण त्यामुळे आपण जगाचं वाचू लागलो. आपलं लिहिलेलं जगाला दिसतं का, हा प्रश्न तसाच राहिला.

साडेअकरा. पीएचडीचा विद्यार्थी पेनड्राइव्ह घेऊन येतो. अख्खा प्रबंध एकाच पीडीएफमध्ये. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या भांडारावर प्रकरणवार फाइली लागतात, तेव्हा बसून तुकडे करायचे. “मार्गदर्शक म्हणतात, नेटवर टाकलं की कुणीतरी उचलेल.” मी उलटंच सांगते. उघड्यावरचा प्रबंध चोरला तर तपासणीत सापडतो. कपाटातला चोरला तर कोणाला कळणार?

दीड वाजता डबा.

दोन ते चार हा दिवसातला खरा वेळ. विभागांनी गेल्या वर्षी छापलेल्या पेपरांची यादी काढते आणि एकेका नियतकालिकाचं धोरण तपासते. प्रकाशकाने सजवलेली पीडीएफ चढवायला बहुतेकांची मनाई. पण परीक्षकांच्या दुरुस्त्या होऊन स्वीकारला गेलेला लेखकाचा मसुदा ठेवायला पुष्कळजण परवानगी देतात, अनेकदा बारा किंवा चोवीस महिन्यांनी. एक रुपया लागत नाही. लागते ती फक्त ती वर्ड फाइल, आणि तीच कुणाकडे नसते.

“सर, स्वीकृत मसुदा आहे का?”

“लिंक पाठवतो की.”

“लिंक नको, फाइल हवी.”

फाइल विद्यार्थ्याकडे असते. विद्यार्थी पोस्टडॉकला कोरियात. सरांचा लॅपटॉप मध्यंतरी फॉरमॅट झालेला. मग सुचवते, ज्या साइटवरून पेपर पाठवला तिथे लॉगिन करा, जुनी प्रत बहुधा असेल. पासवर्डही कोरियातच असतो.

साडेचार. एक प्राध्यापिका विचारतात, पेपर सगळ्यांना खुला ठेवण्यासाठी प्रकाशक मागतो ते पैसे विद्यापीठ देईल का? ‘नेचर’ने २०२०मध्ये त्यासाठी ९,५०० युरो दर जाहीर केला होता. सगळीकडे इतका नसतो, तरी लाखाच्या घरात सहज जातो. करदात्याच्या पैशातून संशोधन करायचं आणि त्याच करदात्याला दाखवायला पुन्हा प्रकाशकाला पैसे मोजायचे, हे मला पटत नाही. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांचं २०१४चं धोरणही स्वीकृत मसुदा भांडारात ठेवा, असंच सांगतं. त्यांच्या अनुदानासाठी अर्ज सगळे वेळेत करतात. या कलमाची आठवण मला करून द्यावी लागते.

पावणेसहा. निफाडहून मेल. आमचा जुना विद्यार्थी द्राक्षबागांच्या माती-पाण्याची तपासणी करतो. क्षारांवरचा आमच्याच विद्यापीठाचा पेपर त्याला हवाय. तो कुठल्या संस्थेत नाही, म्हणजे सरकारी सदस्यतेचा त्याला उपयोग नाही. मसुदा भांडारात आहे, पण प्रकाशकाची मुदत अजून संपलेली नाही. अशा वेळी भांडारात ‘प्रत मागवा’ असं बटण असतं. मागणी थेट लेखकाकडे जाते. त्याला ते दाबायला सांगते आणि पेपर लिहिणाऱ्या सरांना फोन लावते.

“मागणीचा मेल आलाय सर, होकार द्या.”

“दिला. आणखी काही?”

“परवा स्वीकारला गेलेला तुमचा नवा पेपर. त्याची वर्ड फाइल आत्ताच पाठवून ठेवा, मुदत संपेपर्यंत मी सांभाळते.”