मालकाची करवत, कंपनीचा शिक्का

१९६० च्या दशकात अमेरिकेतले अनेक हौशी लोक भारदस्त हार्ले-डेव्हिडसन घरी आणत आणि तिचे सामान उतरवायला घेत. वाऱ्याची काच, बाजूच्या पेट्या, मडगार्डचा जादा पत्रा असे सगळे निघे. पुढचा फॉर्क लांब होई, हँडल उंच होई. दुसऱ्या महायुद्धानंतर वाढीला लागलेल्या या काटछाटीतून ‘चॉपर’ घडली आणि १९६९ च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटाने ती जगभर पोचवली. १९७१ मध्ये हार्लेने स्वतःच या वळणाची गाडी बाजारात आणली. ती म्हणजे ‘एफएक्स सुपर ग्लाइड’. मालकाने गॅरेजमध्ये केले असते ते कारखान्यातच करून विकायचे, याला ‘फॅक्टरी कस्टम’ म्हणतात. पन्नास वर्षे उलटली तरी या गाडीची ओढ टिकून आहे. तिचे श्रेय सहसा आवाजाला किंवा जुनेपणाला दिले जाते. खरे कारण वेगळे आहे: इथे कंपनी गिऱ्हाइकाकडून शिकली, आणि ते शिकणे गाडीच्या अंगावर आजही वाचता येते.

ही गाडी विली जी. डेव्हिडसन यांनी रेखाटली. संस्थापकांपैकी एकाचे ते नातू. त्यांनी नवे इंजिन किंवा नवी चौकट बनवली नाही. इलेक्ट्रा ग्लाइड या जड प्रवासी गाडीची चौकट आणि १२०७ सीसीचे इंजिन घेतले, आणि पुढे स्पोर्टस्टर या हलक्या गाडीचा सडपातळ फॉर्क बसवला. दोन गाड्यांचा हा सांधा लपवलेला नाही. भरगच्च इंजिनापुढे ते बारीक पाय उठूनच दिसतात. बटण-स्टार्टही गाळला होता. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, इग्निशन बंद ठेवून एक-दोन किक मारायच्या, मग चावी फिरवून सगळा भार किकवर टाकायचा. इंजिन पेटले की ठेका लंगडा पडतो, कारण ४५ अंशांत बसवलेले दोन्ही सिलिंडर क्रँकच्या एकाच पिनेला जोडलेले आहेत. एका स्फोटानंतर दुसरा ३१५ अंशांनी होतो, त्यापुढचा ४०५ अंशांनी. यंत्र कसे चालते हे इथे कानांनाही कळते.

शिकण्याचा भक्कम पुरावा मात्र या गाडीच्या फसलेल्या भागात आहे. सीट आणि मागचा भाग एकत्र करून फायबरग्लासची, होडीच्या टोकासारखी शेपटी दिली होती. ती लोकांच्या पचनी पडली नाही. कंपनीने हट्ट धरला नाही. १९७२ मध्ये साधे मडगार्ड आणि साधी सीट आली. १९७७ च्या ‘लो रायडर’ने तर बुटकी सीट आणि लांबट ठेवण कारखान्यातूनच दिली. पुढे जपानी कंपन्यांनीही हा बाज उचलला. पुण्याच्या बजाजची ‘अॅव्हेंजर’ कावासाकीच्या ‘एलिमिनेटर’वरून आली; पाय पुढे टाकून रेलून बसण्याची ती ढब मुळात याच परंपरेतली आहे.

यावर पहिला आक्षेप तंत्राचा. १९६९ च्या होंडा सीबी ७५० मध्ये चार सिलिंडर, बटण-स्टार्ट आणि पुढे डिस्क ब्रेक होता. त्यानंतर दोन वर्षांनी आलेली सुपर ग्लाइड किक आणि ड्रम ब्रेकवरच होती. शिवाय १९६९ ते १९८१ या काळात एएमएफ या कंपनीच्या मालकीखाली हार्लेचा दर्जा घसरला. तेलगळती आणि हादरे यांबद्दल ती बदनाम झाली. हे सारे मान्य. वेळेवर कामाला पोचायचे तर होंडाच बरी. पण आकर्षण आणि सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोकळे, साधे इंजिन असल्यामुळे या गाडीची बरीच दुरुस्ती मालक स्वतः करू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा: अंगावर बेतलेला सदरा दुकानात टांगून विकावा, तसाच हा प्रकार नाही का? बंडखोरीसुद्धा वॉरंटीसकट? कंपनीला धंदाच करायचा होता, यात शंका नाही. पण तिने मालकाच्या हातातला पाना काढून घेतला नाही. हँडल, सीट, एक्झॉस्ट बदलण्याची वाट खुली राहिली आणि लोकांनी ते मनसोक्त बदलले. त्यामुळे जसाच्या तसा राहिलेला नमुना आता सहज मिळत नाही, आणि पहिल्या वर्षी नाकारलेली ती शेपटीच आज संग्राहक शोधत फिरतात. म्हणून कुठे जुनी सुपर ग्लाइड दिसली, तर ती किती पळते हे विचारू नका. तिच्यात कंपनीचे किती उरले आहे आणि मालकाचे किती आले आहे, ते विचारा. तिची खरी किंमत त्या उत्तरात आहे.