वाया जाणाऱ्या उष्णतेची वीज : थर्मोइलेक्ट्रिक पदार्थ आणि संगणकाचं गणित



आजचा लेख एका चुकीच्या उत्तराची दुरुस्ती म्हणून लिहितोय. चूक माझीच आहे.

मागे वर्गात उष्णतेचे वहन शिकवत होतो. एका मुलाचे आईवडील दिवाळी झाली की वीटभट्टीवर कामाला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर गावी येतात. तो मध्येच उठून म्हणाला, "सर, भट्टी रात्रंदिवस धगधगते. जवळ उभं राहवत नाही. अन् आमच्या खोपीत रात्री अंधार असतो. त्या आचेची लाईट का होत नाही?"

मी म्हणालो, "अरे, त्याला पाणी लागतं, वाफ लागते, टर्बाइन लागतं. नुसत्या उष्णतेची वीज होत नसते." तो खाली बसला. मी पुढचा मुद्दा घेतला.

नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं, की नुसत्या उष्णतेची वीज होते. दोनशे वर्षांपासून माहीत आहे. मग ती भट्टीवर का दिसत नाही? याचं उत्तर शोधताना शास्त्रज्ञ आज भट्टीपेक्षा संगणकासमोर जास्त बसतात. कसं ते पाहू.

१. उष्णतेपासून थेट वीज

१८२१ साली जर्मन शास्त्रज्ञ थॉमस योहान सीबेक यांनी दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांना जोडून एक कडं तयार केलं. एक सांधा गरम केला, दुसरा थंड ठेवला. जवळची चुंबकसूची हलली! सीबेक यांना आधी वाटलं हा चुंबकत्वाचा प्रकार आहे. प्रत्यक्षात कड्यातून विद्युतधारा वाहत होती. यालाच आपण सीबेक परिणाम म्हणतो. १८३४ साली फ्रान्सच्या पेल्टिअर यांना उलटी बाजू सापडली : वीज सोडली की एक सांधा गरम होतो आणि दुसरा थंड.

असं का होतं? पदार्थाच्या गरम टोकाकडचे इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जेने धावतात आणि थंड टोकाकडे सरकतात. थंड टोकाला ऋण प्रभार साचतो, गरम टोकाला कमी पडतो, आणि दोन टोकांत विभवांतर तयार होतं. तापमानातल्या एका अंशाच्या फरकामागे किती व्होल्ट मिळतात, तो त्या पदार्थाचा सीबेक गुणांक.

यात चाक फिरत नाही, वाफ लागत नाही, आवाज होत नाही. म्हणूनच १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांवर असेच जनित्र बसवले आहेत. प्लुटोनियमची उष्णता एका बाजूला, अंतराळाची थंडी दुसऱ्या बाजूला आणि मधे सिलिकॉन-जर्मेनियमचे तुकडे. चार दशकांहून जास्त काळ कुणी दुरुस्तीला गेलं नाही, तरी यानं बोलत राहिली.

एक लक्षात ठेवा. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र आहे ते 'औष्णिक विद्युत केंद्र'. तिथे कोळसा जाळून वाफ करतात आणि टर्बाइन फिरवतात. आपण बोलतोय ते थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे उष्णताविद्युत पदार्थांबद्दल. नावं सारखी वाटतात म्हणून मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. कोळशाच्या केंद्रातसुद्धा निम्म्याहून जास्त उष्णता वीज न होता हवेत आणि पाण्यात निघून जाते.

२. मग अडलं कुठे?

चांगल्या थर्मोइलेक्ट्रिक पदार्थाकडून तीन अपेक्षा असतात :

• सीबेक गुणांक मोठा हवा.
• वीज सहज वाहायला हवी.
• उष्णता मात्र सहज वाहता कामा नये. नाहीतर दोन्ही टोकं लगेच सारखी गरम होतील आणि तापमानाचा फरकच उरणार नाही.

या तिन्हींचा मिळून एक गुण काढतात. त्याला 'झेडटी' म्हणतात :

झेडटी = (सीबेक गुणांक)² × विद्युत वाहकता × तापमान ÷ उष्णता वाहकता

तापमान इथे केल्विनमध्ये घ्यायचं. आता बिस्मथ टेल्युराइड या प्रसिद्ध पदार्थाचा गुण काढू. सीबेक गुणांक साधारण २०० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन, विद्युत वाहकता साधारण १ लाख सीमेन्स प्रति मीटर, उष्णता वाहकता साधारण १.५ वॅट प्रति मीटर केल्विन, तापमान ३०० केल्विन. वहीत मांडून पाहा, उत्तर ०.८ येतं.

हेच तांब्यासाठी केलं तर? तांब्यातून वीज छान वाहते, पण त्याचा सीबेक गुणांक जेमतेम २ मायक्रोव्होल्टच्या आसपास, आणि उष्णता वाहकता तब्बल ४०० च्या घरात. उत्तर येतं ०.०००१५ च्या आसपास. म्हणजे नापास! काचेतून उष्णता कमी जाते, पण वीजही जात नाही. तीही नापास.

खरी गोची इथेच आहे. पदार्थात मोकळे इलेक्ट्रॉन वाढवले की वीज जास्त वाहते, पण सीबेक गुणांक घसरतो. शिवाय तेच इलेक्ट्रॉन स्वतःबरोबर उष्णताही वाहून नेतात. एक धरावं तर दुसरं सुटतं. म्हणून धातूही नको आणि काचही नको, मधला अर्धवाहक हवा.

३. दर्शनबारीतली धक्काबुक्की

घन पदार्थात उष्णता दोन वाटांनी जाते. एक इलेक्ट्रॉनबरोबर, दुसरी अणूंच्या थरथरण्यातून. या थरथरीच्या लाटांना फोनॉन म्हणतात.

नवरात्रात आपल्या तुळजापुरात दर्शनबारीला उभं राहिलेल्यांना हे लगेच समजेल. बारीतून पुढे सरकणारा माणूस म्हणजे इलेक्ट्रॉन समजा. आणि मागून कुणीतरी दिलेला धक्का, जो एकाकडून दुसऱ्याकडे जात पुढे पोचतो, तो फोनॉन. धक्का पुढे गेला म्हणजे माणूस पुढे गेला असं नाही.

आपल्याला हवी आहे अशी बारी, जिच्यात माणसं भराभर पुढे जातील, पण धक्का चार माणसांतच विरून जाईल. अवघड आहे ना? शास्त्रज्ञ म्हणतात, पदार्थ इलेक्ट्रॉनला स्फटिकासारखा आणि फोनॉनला काचेसारखा वाटला पाहिजे. त्यासाठी जड अणू घालतात, पिंजऱ्यात सैल हलणारे अणू बसवतात, नॅनोमीटर आकाराचे वेगळे कण पेरतात.

पण कोणता अणू? किती टक्के? कुठल्या जागेवर? आवर्तसारणीतली मूलद्रव्यं घेऊन जोड्या-त्रिकूटं करायला बसलो तर हजारो मिश्रणं होतात. प्रत्येक मिश्रण नळीत सीलबंद करून भट्टीत वितळवायचं, हळूहळू थंड करायचं, कापून मोजायचं. एका नमुन्यालाच कित्येक दिवस जातात. म्हणून आधी संगणकावर करून बघायचं.

४. संगणक नेमकं काय करतो?

अणूतले इलेक्ट्रॉन कसे वागतात त्याचं समीकरण श्रोडिंगर यांनी १९२६ सालीच दिलं होतं. अडचण अशी, की चिमूटभर पदार्थातही इलेक्ट्रॉन अगणित, आणि प्रत्येकाचा परिणाम दुसऱ्यावर. ते गणित कुणालाच सुटत नाही.

१९६४ साली होहेनबर्ग आणि वॉल्टर कोन यांनी सिद्ध केलं, की पदार्थाच्या मूळ स्थितीसाठी प्रत्येक इलेक्ट्रॉन वेगळा मोजायची गरज नाही. कुठे किती दाट आहेत एवढं कळलं तरी पुरतं. यात्रेतला प्रत्येक भाविक कुठे आहे हे माहीत नसलं, तरी महाद्वारापाशी किती दाटी आहे यावरून बंदोबस्त लावता येतो, तसंच काहीसं. पुढच्याच वर्षी कोन आणि शॅम यांनी प्रत्यक्ष सोडवता येतील अशी समीकरणं दिली. ही पद्धत म्हणजे डेन्सिटी फंक्शनल थिअरी, थोडक्यात डीएफटी. कोन यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

संगणकावरच्या अभ्यासाच्या पायऱ्या साधारण अशा :

१) स्फटिकाचा सर्वांत लहान एकक घेऊन कोणता अणू कुठे आहे ते लिहायचं.
२) डीएफटीने इलेक्ट्रॉनची दाटी आणि त्यांच्या ऊर्जापातळ्या काढायच्या.
३) त्या पातळ्यांवरून बोल्ट्झमन यांच्या समीकरणाने सीबेक गुणांक आणि विद्युत वाहकता काढायची.
४) संगणकातच एखादा अणू किंचित सरकवायचा आणि बाकीचे अणू त्याला किती जोराने मागे ओढतात ते पाहायचं. त्यावरून फोनॉन आणि उष्णता वाहकता कळते.
५) एखादा अणू बदलून दुसरा बसवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

यासाठी मोठा संगणक लागतो. या बाबतीत आपलं पुणं मागे नाही. सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक पुण्यातच बनवला. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या 'परम ब्रह्म'ची क्षमता ७९७ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ७९७ लाख कोटी आकडेमोडी!

संगणक सांगेल ते सगळं खरं असतं का? नाही. डीएफटीच्या साध्या पद्धतीत अर्धवाहकाच्या ऊर्जापातळ्यांमधली दरी खऱ्यापेक्षा लहान दिसते. इलेक्ट्रॉन किती वेळाने अडखळतो, हे बऱ्याचदा अंदाजाने धरावं लागतं. आणि कागदावर उत्तम दिसणारा पदार्थ भट्टीत बनेलच असं नाही. म्हणून संगणकाने वाट दाखवायची आणि प्रयोगाने खात्री करायची.

५. बेंगळुरूचं उदाहरण

याचं सुंदर उदाहरण आपल्या देशातच आहे. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात प्रा. कनिष्क बिस्वास प्रयोग करतात आणि प्रा. उमेश वाघमारे संगणकीय अभ्यास करतात. वाघमारे मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी. २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना अशाच संगणकीय कामासाठी मिळाला.

त्यांनी चांदी, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा एक पदार्थ घेतला. त्यात उष्णता आधीच कमी वाहते, ही जमेची बाजू. पण चांदी आणि अँटिमनीचे अणू एकाच प्रकारच्या जागांवर कसेही बसलेले असतात. समजा परिपाठाला दोन वेगवेगळ्या गणवेशांची मुलं ओळ न लावता मिसळून उभी आहेत. त्यांच्यातून चालणाऱ्याला सरळ वाट मिळत नाही. तसे इथे इलेक्ट्रॉन अडकून पडतात.

त्यांनी सुमारे ६ टक्के कॅडमियम घातलं. मग चांदी आणि अँटिमनीचे अणू काही नॅनोमीटरच्या लहान लहान भागांत शिस्तीत बसू लागले. कॅडमियममुळे ही शिस्त का जमते आणि त्यामुळे इलेक्ट्रॉन मोकळे कसे होतात, हे संगणकाच्या गणिताने उलगडलं. गंमत बघा : शिस्त आली म्हणून इलेक्ट्रॉनला वाट मिळाली, आणि शिस्तीचे तुकडे बारीक राहिले म्हणून फोनॉनचा धक्का मात्र अडखळत राहिला. आपल्या दर्शनबारीचं कोडं सुटलं!

खोलीच्या तापमानाला झेडटी साधारण १.५ आणि ३०० अंश सेल्सिअसला साधारण २.६ मिळाला. हे काम २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलं. या पदार्थात शिसं नाही, हाही फायदा. पण कॅडमियमही विषारीच, हे विसरून चालणार नाही.

६. या आकड्याने काय फरक पडतो?

एक बाजू ३२७ अंश, दुसरी २७ अंश धरू. निसर्गाचा नियमच असा, की यातून जास्तीत जास्त ५० टक्के उष्णतेची वीज होऊ शकते. सरासरी झेडटी १ असेल तर आदर्श स्थितीत सुमारे ११ टक्के मिळते. २.६ असेल तर सुमारे १९ टक्के. प्रत्यक्षात सांध्यांमध्ये वगैरे नुकसान होऊन आणखी कमी मिळते.

म्हणजे मोठ्या टर्बाइनची बरोबरी आजही होत नाही. साखर कारखान्यात बगॅस जाळून वाफेवर वीज करतात, ते तिथे योग्यच आहे. पण जिथे टर्बाइन बसवता येत नाही, अशी विखुरलेली उष्णता कितीतरी आहे : वाहनाचा धूर, चूल, भट्टीची भिंत. थर्मोइलेक्ट्रिकची जागा तिथे आहे. अडचण किमतीची आहे, कारण टेल्युरियम हे अगदी दुर्मीळ मूलद्रव्य. म्हणूनच स्वस्त आणि बिनविषारी पदार्थांचा शोध संगणकावर सुरू आहे.

७. वर्गात करून पाहा

तांब्याची आणि लोखंडाची तार घ्या. लोखंडी तारेच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या तारा घट्ट पिळा. तांब्याची मोकळी टोकं मल्टिमीटरला जोडा आणि त्यावर सर्वांत लहान मिलिव्होल्ट लावा. एक सांधा थंड पाण्यात ठेवा, दुसरा मेणबत्तीवर धरा. एक-दीड मिलिव्होल्टपर्यंत आकडा दिसेल. फार तापवलं की तो उलट कमी होऊ लागतो, हेही मुलांना दाखवा. मेणबत्तीजवळ मोठं माणूस हवंच.

स्वाध्याय

१) बिस्मथ टेल्युराइडची उष्णता वाहकता निम्मी केली तर झेडटी किती होईल?
२) तांब्यातून वीज इतकी छान वाहते, तरी ते या कामाला का चालत नाही?
३) तुमच्या घराजवळ उष्णता वाया जाते अशा पाच जागांची यादी करा.

हाच प्रयोग मी वर्गात केला. तार त्या मुलाच्याच हातात दिली. आकडा हलला तसा तो म्हणाला, "सर, म्हणजे होते की!" मी म्हणालो, "होते. त्या दिवशी माझंच चुकलं. पण अजून दिवा लागण्याएवढी स्वस्तात होत नाही, तेवढं काम उरलंय."

यंदा दिवाळीनंतर तो पुन्हा आईवडिलांबरोबर गेला. परत आला की त्याला हा लेख वाचायला देणार आहे. तुमच्या वर्गातही असा एखादा प्रश्न येईल. उत्तर माहीत नसेल तर "होत नाही" म्हणू नका. "बघून सांगतो" म्हणा.