उलाळलेली गाडी आणि घरातले विमान

कडब्याने भरलेली बैलगाडी तुमच्यापैकी काहींनी तरी जवळून पाहिली असेल. सगळे ओझे पुढे रचले तर जू बैलांच्या मानेवर दाबते. सगळे मागे रचले तर गाडी उलाळते, म्हणजे जू वर उचलले जाते आणि मागची बाजू जमिनीला टेकू पाहते. गाडीवान गाडी भरताना ओझे किती आहे याबरोबरच ते आसाच्या कोणत्या बाजूला आहे हेही पाहतो. वैमानिकालाही नेमके हेच करावे लागते. फरक एवढाच, की उलाळलेली गाडी रस्त्यावर थांबवता येते, विमान आकाशात थांबवता येत नाही.

आज अनेक घरांतील संगणकांवर विमान चालवण्याचा आभास निर्माण करणारे कार्यक्रम असतात. त्यांतला फ्लाइटगिअर तर विनामूल्य मिळतो. पुष्कळ मुले त्यावर सेसना १७२ हे चार आसनी विमान उडवतात आणि थोड्याच वेळात कंटाळतात. ‘विमान सारखे नाक वर करते नाहीतर खाली घालते, हात दुखून येतो,’ अशी त्यांची तक्रार असते. माझीही पहिल्या दिवशी हीच तक्रार होती. दोष संगणकाचा नव्हता. मी वजनाचा तोल पाहिला नव्हता आणि ट्रिमच्या चाकाला हातही लावला नव्हता.

आधी तोल पाहू. विमानाचे सारे वजन ज्या एका बिंदूतून खाली ओढते असे आपण मानतो, तो गुरुत्वमध्य. पंखांचे उत्थापक बल सर्वसाधारणपणे या बिंदूच्या थोडे मागे कार्य करते. म्हणून विमानाचे नाक खाली झुकू पाहते. ते झुकू नये यासाठी शेपटीचा आडवा पंख शेपूट खाली दाबून धरतो. शेपूट गुरुत्वमध्यापासून बरीच लांब असल्याने तरफेच्या नियमानुसार तेथील लहान बलही पुरते.

आता हिशेब करू. सेसना १७२ च्या ‘एस’ प्रकारात अंतरे इंजिनामागच्या अग्निरोधक भिंतीपासून मोजतात. पुढची आसने सुमारे ९४ सेंटीमीटरवर, इंधन १२२ वर, मागची आसने १८५ वर आणि सामानाची जागा २४१ वर असते. विमानाचे जास्तीत जास्त वजन ११५७ किलोग्रॅम असावे आणि गुरुत्वमध्य १२० सेंटीमीटरच्या मागे जाऊ नये, असा नियम आहे. पूर्ण वजनाला पुढची मर्यादा १०४ सेंटीमीटर आहे; वजन कमी असेल तर ती आणखी पुढे सरकते.

समजा, रिकामे विमान ७५० किलोग्रॅमचे असून त्याचा गुरुत्वमध्य १०० सेंटीमीटरवर आहे. पुढे एकटा वैमानिक ७० किलोग्रॅमचा, मागे दोघे मिळून १४०, इंधन १०० आणि सामान ७०. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणा, म्हणजे परिबले मिळतील: ७५०००, ६५८०, २५९००, १२२०० आणि १६८७०. त्यांची बेरीज १३६५५०. एकूण वजन ११३० किलोग्रॅम. भागाकार केला की गुरुत्वमध्य येतो १२०.८ सेंटीमीटरवर!

पाहिलेत? वजन मर्यादेच्या आत आहे, पण तोल मर्यादेबाहेर गेला. शिवाय या जागेत ५४ किलोग्रॅमपेक्षा जास्त सामान ठेवण्याची परवानगीच नाही. आता मागचा एक प्रवासी पुढे बसवा. परिबल ७० गुणिले ९१, म्हणजे ६३७० ने घटते आणि गुरुत्वमध्य ११५.२ वर येतो. एक किलोग्रॅमही न उतरवता तोल साधला. सामान मात्र कमी करावेच लागेल.

गुरुत्वमध्य फार पुढे असेल तर नाक जड होते आणि उतरताना ते वर उचलणे कठीण जाते. तो फार मागे असेल तर धोका मोठा. नाक किंचित वर गेले तर ते आपोआप खाली येण्याची प्रवृत्ती कमी होते, आणि फारच मागे गेल्यास ते आणखी वर जाऊ लागते. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे बीचक्राफ्ट १९००डी जातीचे प्रवासी विमान उड्डाण करताच नाक वर करून कोसळले आणि त्यातील सर्व २१ जण मरण पावले. चौकशीत दोन कारणे एकत्र आलेली आढळली. दुरुस्तीच्या वेळी शेपटीच्या नियंत्रणाची जोडणी चुकल्याने नाक खाली आणण्याची शक्ती घटली होती, आणि गुरुत्वमध्य मर्यादेच्या बराच मागे होता. प्रवाशांचे वजन प्रत्यक्ष न मोजता सरासरी धरले होते, आणि ती सरासरी खऱ्या वजनापेक्षा कमी होती. कागदावरचा हिशेब बरोबर होता. त्यात घातलेले आकडे चुकले होते.

आता ट्रिमकडे वळू. शेपटीच्या हलत्या भागाला एलेव्हेटर म्हणतात. सेसनात उजव्या एलेव्हेटरच्या मागच्या कडेला एक छोटी पट्टी असते. ट्रिमचे चाक फिरवून ही पट्टी खाली वळवली, की तिच्यावरील हवेचा दाब एलेव्हेटरला वर ढकलतो आणि नाक वर राहते. जे काम वैमानिकाचा हात करत होता, ते आता वारा करतो.

येथे घरच्या संगणकाचा एक घोटाळा लक्षात घ्या. खऱ्या विमानात ट्रिम साधला, की दांडा आहे तेथेच राहतो आणि हातावरचा ताण नाहीसा होतो. आपल्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते; सोडली की ती मध्यावर परतते. म्हणून ट्रिम थोडा थोडा बदलत जॉयस्टिक हळूहळू मध्यावर आणावी लागते. क्रम असा ठेवा: आधी नाकाची स्थिती, मग इंजिनाची शक्ती, वेग स्थिरावेपर्यंत धीर, आणि शेवटी ट्रिम. ट्रिमने विमान वळवू किंवा चढवू नका. त्याचे काम हात मोकळा करण्याचे आहे.

ट्रिम उंची धरत नाही, वेग धरतो. हे पडताळून पाहा. विमान ट्रिम करून सरळ उडत असताना नाक किंचित खाली करा आणि हात सोडा. वेग वाढेल, नाक आपोआप वर येईल, वेग घटेल, नाक पुन्हा खाली जाईल. या संथ हेलकाव्यांचा अभ्यास लँचेस्टर यांनी १९०८ साली प्रसिद्ध केला. त्यांचा आवर्तकाल सेकंदांत काढायचा तर मीटर प्रति सेकंद वेगाला ०.४५ ने गुणा. ५० मीटरला सुमारे २३ सेकंद येतात. घड्याळ लावून मोजा. उत्तर तंतोतंत जुळले नाही तरी जवळपास येईल.

मग संगणकातील वजनाच्या पानावर जाऊन मागचे ओझे टप्प्याटप्प्याने वाढवा आणि विमानाचा स्वभाव कसा बदलतो याची वहीत नोंद ठेवा. येथे विमान कोसळले तर पुन्हा सुरू करता येते. खऱ्या वैमानिकाला ती सोय नाही, म्हणून तो हा हिशेब जमिनीवरच करतो.

जाता जाता एक उदाहरण सोडवा. वरच्याच विमानात पुढे दोघे मिळून १४० किलोग्रॅम, इंधन १०० आणि मागे काहीच नाही. गुरुत्वमध्य कोठे येईल? उत्तर १०१ सेंटीमीटरच्या थोडे पुढेमागे आले, तर तुमची गाडी उलाळणार नाही.