जुन्या मोटारीतील पाणी आणि हिमप्रदेश

पाणी गोठताना फुगते हे आपण सर्वांनी शाळेत वाचलेले आहे. पण पुण्यासोलापुराकडच्या माणसाला त्याचा धाक वाटण्याचे कारण नाही. जुन्या जीपच्या रेडिएटरमध्ये नळाचे पाणी ओतून लोक वर्षानुवर्षे गाडी हाकतात. तीच जीप घेऊन कोणी हिवाळ्यात लेह किंवा द्रासच्या वाटेला लागला, की हिशेब बदलतो. तेथे रात्री पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली उतरू शकतो. बर्फ होताना पाण्याला सुमारे ९ टक्के अधिक जागा लागते. इंजिनाच्या बिडाच्या ठोकळ्यात ती नसते, मग ठोकळाच तडकतो. जुन्या गाडीला दुसरा ठोकळा मिळवणे किती दुरापास्त, हे मालकांना सांगायला नको.

यावर उपाय म्हणजे पाण्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळणे. घरी पॉटमध्ये आइस्क्रीम करताना आपण बर्फात मीठ घालतो आणि खारे पाणी शून्याखाली जाऊनही पातळच राहते, तोच हा न्याय. परका पदार्थ मध्ये शिरला, की पाण्याच्या रेणूंना स्फटिकाची रचना धरणे जड जाते. मीठ लोखंड खाते, म्हणून मोटारीत ते चालत नाही.

आता कोणी म्हणेल, मग शुद्ध ग्लायकॉलच का ओतू नये? पुष्कळ हौशी लोक असे करतातही. पण शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या सुमारासच गोठते! एक तृतीयांश ग्लायकॉल असलेले मिश्रण उणे १८ पर्यंत टिकते, निम्मे-निम्मे उणे ३७ पर्यंत, आणि ६० टक्क्यांचे उणे ५० च्या आसपास. त्यापुढे आणखी ओतत गेलात, तर थोड्याच अंतरावर गाडे उलट फिरते; कारण तेव्हा ग्लायकॉलच्या घरात पाणी परके ठरते. शिवाय ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, म्हणजे घाटात इंजिन तापणार. लडाखला निम्मे-निम्मे पुरते.

मिसळण्यातही एक खोच आहे. जुने पाणी सोडून दिले तरी ठोकळ्याच्या पोटात थोडे उरतेच. म्हणून गाडीत एकंदर १० लिटर मावत असेल, तर आधी ५ लिटर शुद्ध ग्लायकॉल ओतावे, मग ऊर्ध्वपातित पाण्याने भरावे. नळाच्या पाण्याने आत क्षारांचे थर बसतात. डब्यावर ‘तयार मिश्रण’ लिहिले असेल, तर त्यात पाणी आधीच आहे. इंजिन चांगले तापवून हायड्रोमीटरने तपासावे. बॅटरीचा हायड्रोमीटर येथे उपयोगी नाही. प्रमाण ३० टक्केच भरले, तर १० लिटरांपैकी सुमारे २.९ लिटर काढून तेवढेच शुद्ध ग्लायकॉल घालावे, म्हणजे निम्मे होते.

रंगावर विसंबू नये; हिरवा, तांबडा हे उत्पादकांच्या मर्जीचे रंग. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे, शिशाच्या डाकाने जोडलेले असतात. नव्या गाड्यांसाठीची काही सेंद्रिय आम्लांची मिश्रणे त्या डाकाला मानवत नाहीत. जुन्या धातूंना चालेल असे डब्यावर स्पष्ट लिहिलेलेच घ्यावे.

हा द्रव चवीला गोड आणि जहाल विषारी आहे. पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होतात. अंगणात सांडलेला थेंबही पाण्याने धुऊन काढावा, काढलेले मिश्रण झाकणाच्या डब्यात भरून त्यावर नाव लिहावे आणि डबा मुलांच्या व कुत्र्यांच्या वाटेपासून दूर ठेवावा.