जगातील पहिले छापील पुस्तक आणि धम्मदान

‘छपाईचा शोध कोणी लावला?’ असा प्रश्न सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत विचारला, की बहुतेक विद्यार्थी जर्मनीच्या गुटेनबर्गचे नाव घेतात. इ. स. १४५५ च्या सुमारास गुटेनबर्गने बायबल छापून पूर्ण केले आणि त्याच्या यंत्रामुळे युरोपात ज्ञानाचा प्रसार झपाट्याने झाला, हे खरेच आहे. परंतु ज्यावर छपाईची तारीख स्पष्टपणे नोंदलेली आहे, असे जगातील सर्वांत जुने संपूर्ण छापील पुस्तक गुटेनबर्गच्या बायबलाहून सुमारे ५८७ वर्षांनी जुने आहे. ते चीनमध्ये छापले गेले आणि तो एक बौद्ध ग्रंथ आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

या ग्रंथाचे नाव ‘वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता सूत्र’. भगवान बुद्ध आणि त्यांचे शिष्य सुभूती यांच्यातील हा संवाद आहे. मूळ संस्कृतातील हे सूत्र कुमारजीव या भिक्खूने पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भाषेत आणले. कुमारजीवाचा जन्म मध्य आशियातील कुचा येथे झाला. त्याचे वडील मात्र भारतीय होते. म्हणजे विचार भारताचा, भाषांतर भारतीय पित्याच्या पुत्राचे आणि छपाई चीनची, असा हा संगम आहे.

हा ग्रंथ सापडला कसा?

चीनच्या वायव्येस, वाळवंटाच्या कडेला, तुनहुआंग नावाचे ठिकाण आहे. आपल्याकडे अजिंठा आणि वेरूळ आहे, तशी तेथे डोंगरात कोरलेली शेकडो बौद्ध लेणी आहेत. इ. स. १९०० मध्ये या लेण्यांची देखभाल करणाऱ्या वांग युआन्लू नावाच्या ताओपंथी साधूला एका भिंतीआड दडलेली खोली आढळली. आत हजारो हस्तलिखितांच्या गुंडाळ्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. ही खोली अकराव्या शतकाच्या आरंभी बंद करण्यात आली होती. सुमारे ९०० वर्षे वाळवंटाच्या कोरड्या हवेत तो ठेवा जसाच्या तसा राहिला. १९०७ साली संशोधक ऑरेल स्टाइन तेथे पोहोचला आणि त्याने त्यातील बराच भाग वांगकडून अल्प मोबदल्यात मिळवून बाहेर नेला. त्यातच हे छापील सूत्र होते. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

सात कागद एकापुढे एक चिकटवून केलेली ही सुमारे ५ मीटर लांबीची गुंडाळी आहे. आरंभी जेतवनात सुभूतीला उपदेश करणाऱ्या बुद्धांचे रेखीव चित्र आहे आणि शेवटी छपाईची नोंद. वांग जिए नावाच्या उपासकाने आपल्या आईवडिलांच्या नावे, सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी, हा ग्रंथ करविला, असे त्या नोंदीत म्हटले आहे. तिच्यातील तारीख आजच्या कालगणनेनुसार ११ मे ८६८ अशी येते.

छपाई बौद्धांकडेच का वाढली?

एका फळीवर अक्षरे उलटी कोरायची, त्यांवर शाई लावायची आणि वर कागद ठेवून ब्रशने हलकेच दाबायचे, ही तेव्हाची पद्धत होती. एकदा फळी कोरली की त्याच मजकुराच्या शेकडो प्रती निघत. या कल्पनेचे एक मूळ भारतातही दिसते. भिजलेल्या मातीवर शिक्का दाबून बुद्धमूर्ती किंवा प्रतीत्यसमुत्पादाची गाथा उमटवण्याची प्रथा येथील विहारांत होती. नालंदा येथे आणि आपल्या मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतही अशा मातीच्या मुद्रा सापडल्या आहेत.

परंतु साधन असून भागत नाही, प्रेरणाही लागते. ती प्रेरणा धम्मदानाची होती. सारे विश्व भरून जाईल एवढी रत्ने दान करण्यापेक्षा चार ओळींची एक गाथा दुसऱ्याला समजावून सांगणे अधिक पुण्याचे, असा या सूत्राचाच आशय आहे. ज्यांनी हे मनापासून मानले, त्यांना एका प्रतीच्या हजार प्रती कशा होतील, याचा ध्यास लागला.

जपानमध्ये सम्राज्ञी शोतोकू हिने इ. स. ७६४ च्या बंडानंतर दहा लक्ष छोटे लाकडी स्तूप करविले आणि प्रत्येकात एक छापील धारणी ठेवली. हे काम ७७० मध्ये पुरे झाले. कोरियात मंगोल आक्रमणाच्या धामधुमीत तेराव्या शतकात संपूर्ण त्रिपिटक ८१,२५८ लाकडी फळ्यांवर कोरण्यात आले. त्या फळ्या आजही हेइन्सा विहारात सुरक्षित आहेत. धातूच्या सुट्या खिळ्यांनी छापलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने पुस्तकही बौद्धच आहे. ‘जिकजी’ नावाचे हे पुस्तक १३७७ साली कोरियातील हुंगदोक विहारात छापले गेले. त्याचा उरलेला दुसरा खंड पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

आपण काय घ्यावे?

या उदाहरणांत एक महत्त्वाचा फरक आहे. शोतोकूच्या धारणी स्तूपात बंद करण्यासाठी होत्या. त्या कोणी उघडून वाचाव्यात, असा हेतू नव्हता. वांग जिएचा ग्रंथ मात्र लोकांच्या हाती पडावा म्हणून छापला गेला. पहिल्यात श्रद्धा आहे. दुसऱ्यात श्रद्धा आहे आणि प्रज्ञाही.

भारतात छापखाना आला तो १५५६ मध्ये, गोव्यात, पोर्तुगीज धर्मप्रचारकांबरोबर. ज्या समाजाला अक्षराचा स्पर्शही शतकानुशतके नाकारला गेला होता, त्याच्यापर्यंत छापील शब्द पोहोचायला त्यानंतरही फार काळ लागला. म्हणूनच बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, त्या घटनेचे मोल मोठे आहे. महापरिनिर्वाणापूर्वी त्यांनी लिहून पूर्ण केलेला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. आज तो आपल्या अनेक घरांत आहे. पण तो वस्त्रात गुंडाळून, हार घालून फळीवर ठेवलेला आहे, की रोज त्याची दोन पाने वाचली जातात, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

आईवडिलांच्या स्मृतिदिनी भोजनदान करण्याची प्रथा आपल्याकडे आहे. ती चांगलीच आहे. त्याबरोबर एखाद्या विद्यार्थ्याला एक पुस्तक दिले, तर ११५० वर्षांपूर्वी वांग जिएने जे केले, तेच आपण केल्यासारखे होईल. आणि ज्याला ते पुस्तक मिळेल, त्याने ते वाचून पुढच्या हाती द्यावे. धम्मदान म्हणतात ते हेच.