दोन कुळांचे संगजिरे आणि क्रोमियमची खूण

जबलपूरपासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर भेडाघाट आहे. तेथे नर्मदेने संगमरवराचे उंच कडे कापून आपला मार्ग काढला आहे. काठावरील दुकानांत मऊ दगडाच्या लहान लहान मूर्ती व डब्या मांडलेल्या दिसतात. अशा मऊ दगडांत संगजिरे प्रमुख होय. ते नखानेही ओरखडले जाते आणि हाताला साबणासारखे गुळगुळीत लागते. कोकणात सिंधुदुर्ग जिल्ह्यातही संगजिरे सापडते. तेथे कणकवलीजवळ जानवली व वागदे या भागांत क्रोमाइट या मौल्यवान धातुकाचे लहान साठे आहेत. भेडाघाटच्या संगमरवरात मात्र ते नाहीत. या भेदाचे कारण खडकांच्या कुळात शोधावे लागते.

संगजिऱ्याचे दोन उगम

संगजिरे हे मॅग्नेशियम, सिलिका व पाणी यांच्या संयोगाने बनलेले खनिज आहे. मॅग्नेशियमचा पुरवठा त्याला दोन प्रकारच्या खडकांतून होऊ शकतो.

पहिला खडक डोलोमाइट. प्राचीन उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडकात मॅग्नेशियम शिरले म्हणजे डोलोमाइट तयार होतो. पुढे भूकवचातील उष्णतेने व दाबाने त्याचे रूपांतर संगमरवरात होते. भेडाघाटचा संगमरवर या जातीचा आहे. अशा खडकात सिलिकायुक्त उष्ण पाणी झिरपले की संगजिरे व कॅल्साइट ही खनिजे निर्माण होतात आणि कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो.

दुसरा खडक अग्निजन्य असून त्याला अत्यल्पसिकत खडक म्हणतात. त्याचा शिलारस भूकवचाखालील प्रावरणातून वर येतो. त्यात सिलिका कमी व मॅग्नेशियम विपुल असते. पाण्याच्या संयोगाने या खडकातील ऑलिव्हीन खनिजाचे हिरवट सर्पेंटाइन बनते आणि पुढे त्याचेही संगजिरे होऊ शकते.

क्रोमियम कोठून येते

प्रावरणातून आलेल्या शिलारसात क्रोमियम असते. रस निवू लागताच क्रोमाइटचे स्फटिक आरंभीच तयार होतात. त्यांचे विशिष्ट गुरुत्व ४.५ ते ४.८, म्हणजे सभोवतालच्या रसाहून बरेच अधिक असते. त्यामुळे ते तळाशी साचून त्यांचे थर बनू शकतात. नंतरच्या भूहालचालींत हे थर पिळवटतात, तुटतात आणि मसुराच्या दाण्याच्या आकाराचे सुटे पुंज खडकात उरतात. एक पुंज संपल्यावर दुसरा जवळच असेल याची शाश्वती नसते. म्हणून अशा ठिकाणी खाणकाम जोखमीचे ठरते. भंडारा जिल्ह्यात पवनीच्या परिसरातही क्रोमाइट आढळतो. परंतु देशातील नऊ दशांशाहून अधिक साठा ओडिशात, मुख्यतः १९४९ साली शोध लागलेल्या सुकिंदा खोऱ्यात आहे.

अत्यल्पसिकत खडकात दर दहा लाख भागांत क्रोमियमचे दोन ते तीन हजार भाग असतात; चुनखडक व डोलोमाइट यांत ते साधारणपणे दहाच्या आसपास असतात. मूळ खडकाचे पूर्ण रूपांतर झाले तरी क्रोमियम सहसा जागा सोडत नाही. म्हणून संगजिऱ्याचा तुकडा कोणत्या कुळातील आहे, हे रासायनिक पृथक्करणाने ओळखता येते. क्रोमियम व निकेल भरपूर आढळल्यास तो प्रावरणाच्या वंशातील होय, आणि त्याच्या परिसरात क्रोमाइटचा शोध घेणे योग्य ठरते. भेडाघाटसारख्या डोलोमाइटी संगमरवराच्या प्रदेशात तसा शोध व्यर्थ होय.

रंगाचा भ्रम

केवळ रंगावर विसंबता येत नाही. पन्न्याचा हिरवा व माणकाचा तांबडा रंग क्रोमियममुळे येतो हे खरे. पण जबलपूरजवळील लमेटा घाटाचा हिरवट वालुकाश्म लोहयुक्त खनिजामुळे हिरवा दिसतो. काळे, जड खडे पाहून होणारा भ्रम दूर करण्यास एक सोपी कसोटी आहे. खडा चिनी मातीच्या बिनचकाकीच्या तुकड्यावर घासावा. क्रोमाइटचा कस तपकिरी उमटतो, मॅग्नेटाइटचा काळा. शिवाय मॅग्नेटाइट चुंबकाकडे जोराने ओढला जातो, क्रोमाइट मात्र अगदी मंदपणे.

उपयोग आणि दक्षता

पोलादात सुमारे १०.५ टक्के किंवा अधिक क्रोमियम मिसळले की त्याला गंज चढत नाही. भट्ट्यांच्या अस्तराच्या विटांतही क्रोमाइट वापरतात. जबलपूरला १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. अशा कारखान्यांना लागणारी मिश्र पोलादे क्रोमियमवाचून बनत नाहीत. पण ते शहराजवळच्या संगमरवरातून मिळणारे नाही.

या धातुकाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. क्रोमाइटमधील क्रोमियम बहुतांशी निरुपद्रवी अवस्थेत असते. त्याचे षट्संयुजी रूप मात्र पाण्यात सहज विरघळते व विषारी असते. सुकिंदा खोऱ्यात खाणींच्या पाण्यामुळे ही समस्या उद्भवली आहे. म्हणून साठा लहान असो वा मोठा, तो खणण्यापूर्वी त्यातील धातूच्या हिशेबाबरोबर गावच्या विहिरींचा व ओढ्यांचाही हिशेब मांडणे आवश्यक असते.