जुनी जीपगाडी घेताना : दोन शब्द अनुभवाचे

पावसाळ्यात खानापूर-चंदगडच्या भातपट्ट्यात किंवा काळ्या मातीच्या ज्वारीपट्ट्यात खरेदीसाठी हिंडणाऱ्या व्यापाऱ्यास चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीचे महत्त्व सांगावयास नको. नवी गाडी सर्वांस परवडतेच असे नाही. म्हणून आमचे अनेक सभासद बंधू जुन्या गाडीकडे वळतात. त्यांस उपयोग व्हावा या हेतूने, धान्याच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या आम्ही चार गोष्टी येथे नमूद करीत आहोत.

प्रथम या गाड्यांची वंशावळ ध्यानी घ्यावी. दुसऱ्या महायुद्धात, 1941 पासून, अमेरिकेच्या विलीस कंपनीने लष्करासाठी जीप बनविली. फोर्ड कंपनीनेही तीच गाडी मोठ्या संख्येने तयार केली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने विलीसच्या जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. पुढे आलेली सीजे-3बी ही उंच बॉनेटची गाडी जुन्या मंडळींच्या चांगली स्मरणात असेल. तिच्या इंजिनातील हवा घेणाऱ्या झडपा वरच्या अंगास बसविल्यामुळे इंजिनाची उंची वाढली व बॉनेटही उंचवावे लागले. पुढील व मागील चाकांतील अंतर अवघे 80 इंच. त्यामुळे गाडी अरुंद वाटेवर सहज वळे. मात्र ती पेट्रोलवर चाले व खर्च फार येई.

1980 नंतरच्या दशकात प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेली डिझेल इंजिने आली आणि एमएम 540 सारख्या गाड्या खेडोपाडी दिसू लागल्या. त्याच काळात, 1985 च्या अखेरीस, मारुतीची जिप्सी आली. तिचे पेट्रोल इंजिन 970 सी.सी.चे होते, 1996 मध्ये ते सुमारे 1300 सी.सी.चे झाले. जिप्सी वजनाने हलकी असल्याने चिखलात कमी रुतते. परंतु तिच्या चारही चाकांवर पाटे असल्यामुळे पाठीस हिसके बसतात. 2010 मध्ये महिंद्रची थार आली. तिचे पुढील पाटे जाऊन स्वतंत्र झुलणारी रचना आली, मागे मात्र पाटेच राहिले. 2020 च्या नव्या थारमध्ये मागेही कॉईल स्प्रिंग बसल्या. 2023 मध्ये जिप्सीची वारस म्हणावी अशी पाच दारांची जिम्नी आली. सारांश, गाडी जितकी नवी तितके सुख अधिक. जितकी जुनी तितकी दुरुस्ती गावच्या मिस्त्रीच्या आवाक्यातील.

येथे एक सावधगिरीची सूचना. जीपसारखी दिसणारी प्रत्येक गाडी चारही चाकांनी ओढते असे नाही. पूर्वीही केवळ मागील चाकांनी चालणाऱ्या जीप निघत, आणि 2023 पासून नवी थारही त्या प्रकारात मिळते. म्हणून सौद्यापूर्वी गाडी नांगरलेल्या रानात न्यावी, छोटा दांडा टाकून चारही चाके ओढतात की नाही ते पाहावे व गिअर आपोआप सुटत नाही याची खात्री करावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर ही परीक्षा करू नये. जुन्या रचनेत त्याने यंत्रावर ताण येतो. गाडीखाली शिरून चासिसला गंज वा नवे वेल्डिंग आहे काय हे पाहावे. रंग मात्र पाहू नये. पोत्याच्या वरचा दाणा पाहून आपण माल घेतो काय?

परंतु यंत्रापेक्षाही कागद महत्त्वाचे, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. 1996 साली आम्ही एका दलालामार्फत डिझेल जीप घेतली. आमच्या पेढीवरील वृद्ध दिवाणजी म्हणाले, "शेठजी, इंजिनावरचा नंबर पुस्तकाशी ताडून घ्यावा." आम्ही घाईत होतो. "आपण खतावणी सांभाळा," असे त्यांस चारचौघांत बोललो. पुढे नोंदणीच्या नूतनीकरणास गाडी नेली तेव्हा पुस्तकात पेट्रोल इंजिन निघाले; बदलाची नोंद कोणी केलीच नव्हती. ऐन सुगीत चार महिने गाडी वखारीत उभी राहिली, भाड्याच्या वाहनांत नफा गेला व दलाल कधी भेटला नाही. पैसा पुन्हा मिळाला. परंतु दिवाणजींची क्षमा मागावयास आम्हांस वर्ष लागले, याची खंत आजही आहे.

तेव्हा इंजिन व चासिस यांचे क्रमांक स्वतः ताडावेत. हस्तांतरासाठी नमुना 29 व 30 भरावे. कर्ज असल्यास ते फिटल्याचा नमुना 35 घ्यावा. आपण सीमाभागातील मंडळी. कोल्हापूरची गाडी बेळगावास आणावयाची तर नमुना 28 चे ना-हरकत पत्र हवे, आणि 12 महिन्यांहून अधिक ठेवावयाची तर येथील नोंदणी व कर चुकत नाही. हा खर्च किमतीत आधीच धरावा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नूतन करावी लागते, तीही तपासणीनंतरच. विमा 14 दिवसांत आपल्या नावे करून घ्यावा.

व्यवहार जुन्या गाडीचा असो की नव्या धान्याचा, नमुना पाहिल्यावाचून सौदा करू नये. आणि पेढीवरील जाणत्या माणसाचा शब्द ऐकल्यावाचून तर मुळीच करू नये, एवढीच सर्व सभासद बंधु-भगिनींस आमची नम्र विनंती आहे.